मालनची व्याख्या

"फडतरे, माझ्या मांडणीत चूक कुठे आहे ते सांगा."

मी ताडकन उभा राहिलो. टाचा आपोआप जुळल्या, मुठी मांड्यांना चिकटल्या, नजर फळ्याच्या वर गेली. "चूक नाही साहेब."

वर्ग फिदीफिदी हसला. हसणारच की. सगळी विशी-बाविशीतली पोरं, आणि त्यांच्यात मी एक सदतीस वर्षांचा बाप्या. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेला, डोक्यावर अजून बारीक कटिंग, पायात पॉलिशचे बूट. पोरं मला काका म्हणायची.

चौबळ सर मात्र हसले नाहीत. ते ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झालेले, आणि आता विद्यापीठात आम्हाला 'आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि लष्करी धोरण' हा विषय शिकवायचे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुमचा साहेब नाही, फडतरे. मी सर आहे. आणि सरांची चूक असते. ह्या निबंधात तर दोन चुका मी मुद्दाम ठेवल्यात."

"सापडल्या नाहीत साहेब."

"शोधल्यात का?"

"नाही साहेब."

आता मात्र वर्ग बाकं बडवायला लागला. सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

सरांच्या पेपरची एक रीत होती. सर स्वतः एक निबंध लिहून वर्गात वाचायचे आणि ज्याची पाळी असेल त्यानं उभं राहून त्याला विरोध करायचा. विरोध केला की पास. कसा केला त्यावर मार्क कमीजास्त, पण केलाच पाहिजे. माझी एक पाळी आधीच वाया गेली होती. त्या वेळी मी निबंधाची पंधरा मिनिटं स्तुती केली होती. ही दुसरी.

"शेवटची संधी पुढच्या शुक्रवारी," सर म्हणाले. "निबंधाचं नाव 'शांततेच्या काळातलं सैन्य'. आजच त्याची प्रत घेऊन जा. विरोध केला नाहीत तर मी नापास करणार आणि तुमचं वर्ष जाणार. मग म्हणू नका सांगितलं नव्हतं. कळलं?"

"जी साहेब."

सरांनी चष्मा लावला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मला माझीच कीव आली.

ऐकायला हे सोपं वाटतं. माणसानं उभं राहायचं आणि म्हणायचं, सर, मला पटत नाही. वर्गात तन्वी ओगले नावाची पोरगी होती, सदाशिव पेठेतली, सगळ्यांत लहान. ती तर हात वर न करताच बोलायची, "सर, हे जरा अतीच होतंय." तिनं तोंड उघडलं की माझा जीव वरखाली व्हायचा. ब्रिगेडियरला अतीच होतंय? आमच्या पलटणीत ब्रिगेडियर येणार म्हटलं की आठवडाभर आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागायचा.

आणि फौजेत कुठलंही सांगणं संपलं की उस्ताद विचारतो, "कोई शक?" हा प्रश्न नसतो बरं का. ती खूण असते, की आता सगळ्यांनी मिळून "नो साब" ओरडायचं. अठरा वर्षं मी तेच ओरडलो. मनात शक यायचा नाही असं नाही, पण तो काय आहे हे उमजेपर्यंत तोंडातून "नो साब" निघून गेलेलं असायचं. सवय ती. जाता जात नाही.

कॉलेजात नाव घालायची कल्पना माझी नव्हे, मालनची. मालन म्हणजे माझी बायको. नोकरीत असतानाच मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं होतं. पेन्शनीवर आलो तेव्हा आमच्या गावात, म्हणजे माण तालुक्यात, जो भेटेल तो विचारायचा, आता कुठं सिक्युरिटीला लागणार? मालननं सगळ्यांना परस्पर सांगून टाकलं, "ते फुडं शिकणार हाईत." मी इंटरनॅशनल सिक्युरिटी शिकणार हे कळल्यावर पारावरचे म्हातारे म्हणाले, म्हणजे दुबईला वॉचमन काय? असू दे. आम्ही पुण्यात बोपोडीला दोन खोल्या घेतल्या. मालन घरी मशीनवर साड्यांना फॉल-पिको करायची, माझी पेन्शन होती, पोरगी रेश्मा आठवीत. भागायचं. मला वाटलं, बाईला नवरा प्राध्यापक झालेला बघायचाय. छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू.

त्या शुक्रवारी घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तुमाला फक्त न्हाय म्हणायचंय?"

"हो."

"आन तेवढ्यासाठी वरीस जाणार?"

"ब्रिगेडियर आहेत ते, मालन."

"असतील," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. भाकरी जरा जोरातच थापत होती.

रविवारी संपतराव आले. मालनचे थोरले भाऊ. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि चाकणच्या एका कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर. नात्यानं ते मला 'दाजी' म्हणायचे आणि मी त्यांना 'सुभेदारसाहेब'. मालनला ह्याचा भयंकर राग. बहिणीच्या नवऱ्याचा मान तो, आणि नवराच भावाला साहेब म्हणतो म्हणजे उलटीच गंगा. पण हवालदारानं सुभेदाराला दुसरं काय म्हणायचं?

"दाजी, कामाचं बोलतो," चहा पिऊन झाल्यावर संपतराव म्हणाले. "आमच्याकडं सुपरवायझरची जागा निघालीय. पंचवीसेक पोरं तुमच्या हाताखाली. राहायला कंपनीतच खोली, मेसचं जेवण, महिन्यातनं दोनदा घरी सोडतील. एक तारखेला हजर व्हायचं."

"पण सुभेदारसाहेब, माझं कॉलेज चालू आहे."

"काय शिकताय तुम्ही?"

"इंटरनॅशनल सिक्युरिटी."

"मग? शिकून शेवटी सिक्युरिटीतच येणार न्हवं? ते नंतर यायचं ते आत्ताच या. आणि इंटरनॅशनल म्हणाल तर जर्मन कंपनी हाय ती."

मी रिकामा कप बशीत नीट ठेवला.

"मग एक तारीख सांगू का साहेबांना?"

"जी साहेब," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात काहीतरी आदळलं. मालन हातात उलथणं घेऊनच बाहेर आली.

"दादा, ते येणार न्हाईत."

"अगं, ते स्वतः जी म्हणाले आत्ता."

"ते सगळ्यांनाच जी म्हणत्यात. परवा रद्दीवाल्याला म्हणाले आन त्यो पुस्तकं घिऊन चालला हुता."

"मग त्यांनीच मला न्हाय म्हणावं," संपतराव म्हणाले आणि माझ्याकडं बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. बहिणीचं घर नीट लागावं एवढंच त्यांना वाटत होतं. मी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो.

मालननं माझ्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं आणि उलथणं खाली ठेवलं. "हे बघ दादा. शुक्रवारी त्यांची परीक्षा हाय. पास झाले तर चाकण न्हाई. ह्या वर्साला न्हाई आन फुडल्याबी न्हाई, पुन्ना इचारायचं न्हाई. नापास झाले तर तू येऊन घिऊन जा. मी शब्द देते."

संपतराव गेल्यावर मी म्हणालो, "माझा शब्द तू कसा देतेस?"

"मग तुमी द्या की. येतुया का देता?"

ती आत गेली आणि भांडी आदळत घासायला लागली. रेश्मानं येऊन मला हळूच विचारलं, "आई रागावलीय का?" मी म्हटलं, अगं, तिला मी प्राध्यापक व्हायला हवाय म्हणून.

बुधवारी तन्वी तिच्या स्कूटीवरून बोपोडीला आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "काका, तुमचं वर्ष गेलं तर वर्गात मला बूट पॉलिश करायला कोण शिकवणार?" म्हणाली आणि सरळ चटईवर बसली. मालनला तिनं पहिल्या मिनिटातच काकू केलं. मालन मशीनवर होती, कुणाची तरी लग्नातली साडी घेऊन.

"आधी सराव," तन्वी म्हणाली. तिनं तिचा गॉगल नाकावर खाली ओढला आणि आवाज जाड केला. "मी चौबळ सर. फडतरे, पृथ्वी सपाट आहे. बोला."

मी उभा राहिलो. पोरगी विशीची, माझ्या घरात, माझ्या चटईवर बसलेली. तरी मी टाचा जुळवून नुसता उभा.

"पृथ्वी सपाट आहे म्हणतोय मी, फडतरे."

"काही अंशी बरोबर आहे सर," मी म्हणालो.

मशीनचा आवाज बंद पडला. मालन पदर तोंडात धरून हसत होती. तन्वी चटईवर आडवी झाली होती. मग मलाही हसू आलं. तिघं इतके हसलो की शेजारीण दारात डोकावून गेली.

"जाऊ दे, निबंधच बघू," तन्वी डोळे पुसत म्हणाली. तिनं वाचायला घेतलं. "'दोन युद्धांच्या मधल्या काळाला आपण शांतता म्हणू.' हे पहिलं वाक्य. मग सर म्हणतात, शांतता असताना एवढं सैन्य कशाला? तीन माणसांतला एक कमी करा आणि वाचलेल्या पैशात नवी यंत्रं घ्या. ह्यात चूक कुठाय?"

"शांतता म्हंजी?" मालननं विचारलं.

"पीस, काकू."

"पीस?" मालननं साडी बाजूला ठेवली.

इथं एक सांगायला हवं. फौजी माणसाच्या घरात हा शब्द निराळा असतो. आमच्या बदल्यांची ठिकाणं दोनच प्रकारची, फील्ड आणि पीस. फील्ड म्हणजे सरहद्द, बर्फ, जंगल. तिथं बायकापोरं नेता येत नाहीत. पीस म्हणजे मागची छावणी. तिथं क्वार्टर मिळालं तर कुटुंब आणता येतं. क्वार्टरं थोडी आणि माणसं फार. अख्ख्या नोकरीत आम्हाला क्वार्टर मिळालं एकदाच, झाशीला, दीडेक वर्ष. तेव्हापासून मालनच्या बोलण्यात हे दोन शब्द कायमचे बसले. वरच्या बिऱ्हाडात नवरा-बायको भांडायला लागले की ती म्हणायची, "वर फील्ड लागलंय." माझी आई येऊन आठ दिवस राहून गावाला परत गेली की म्हणायची, "आला बाई पीस."

"कंच्या वर्सांना पीस म्हणत्यात तुमचे सर?" तिनं तन्वीला विचारलं.

तन्वीनं निबंधातली सालं वाचून दाखवली.

"ह्या सालात?" मालन म्हणाली. "ह्या सालात हे वर बर्फात हुते. रेश्मा झाली तवा. चार म्हैन्यांची झाली तवा तिचं त्वांड बघितलं ह्यांनी. मी सासरी. कुणी दाराची कडी वाजवली की छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, तारच आली. भाजीवालीनं वाजवली तरी पाय कापायचे. आन तुमचे सर त्येला पीस म्हणत्यात?"

तन्वी आता हसत नव्हती. "मग पीस म्हणजे काय, काकू?"

मालननं सुईत दोरा घालता घालता उत्तर दिलं. "कडी वाजली की कोण आलंय ते ठावं असतंय, त्यो पीस."

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

जाताना तन्वी जिन्यात म्हणाली, "काका, तुमचा विरोध तयार आहे."

"हा कसला विरोध? हे बायकोचं बोलणं आहे. ब्रिगेडियरसमोर बायकोचं बोलणं सांगू?"

"मग तुमचं दुसरं काही आहे का?"

नव्हतं. मी मान हलवली.

शुक्रवारी सरांनी निबंध वाचला. काय वाचायचे ते. आवाज खणखणीत, एकेक मुद्दा असा मांडायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आपल्याच मनात होतं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद ठेवले आणि म्हणाले, "फडतरे."

मी उभा राहिलो. "सर," मी म्हणालो. साहेब हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला. "तुमची शांततेची व्याख्या मला जरा..."

"जरा काय?"

"जरा अपुरी वाटते."

तन्वीनं ओठ दाताखाली धरला होता.

"अपुरी कशी?"

मी फील्ड आणि पीस सांगितलं, झाशीच्या एकुलत्या क्वार्टरचंही सांगितलं. म्हणालो, "तुम्ही ज्या वर्षांना शांतता म्हणता, त्यातली निम्मीअधिक मी फील्डमध्ये काढली. युद्ध नव्हतं सर. पण पीसही नव्हता. फौजेच्याच कागदावर तसं लिहिलेलं आहे."

"ते शब्द बदल्या आणि भत्ते ठरवण्यासाठी आहेत," सर म्हणाले. "कचेरीची सोय ती. तिच्यावरून धोरणाची व्याख्या करायची नसते. अजून काही?"

बरोबर होतं त्यांचं. माझ्या पायाखालची सतरंजीच ओढून घेतली त्यांनी. आता दुसरं काहीच हाताशी नव्हतं, म्हणून बोलून गेलो, "माझी बायको म्हणते..."

झालं. हशाचा नुसता गडगडाट. पण सरांनी हात वर केला. "बोला. काय म्हणते?"

"कडी वाजली की कोण आलंय हे माहीत असतं, तो पीस."

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "सुंदर आहे. पण मी सरकारला काय सांगू, फडतरे? सैन्य किती ठेवायचं ते दाराच्या कडीवरून ठरवा? हे मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्यावर धोरण उभं राहत नाही. बसा खाली."

आणि ते 'बसा खाली' सरांचं नव्हतं, ब्रिगेडियरचं होतं. तो आवाज मी ओळखतो. मैदानावर हजार माणसं एका दमात बसवतो तो. माझे गुडघे वाकले. बूड बाकाला टेकलंसुद्धा.

बसता बसता डोळ्यांसमोर चाकणची खोली आली. न बघितलेली, पण मला पाठ होती ती. लोखंडी खाट, भिंतीत खिळा, खिळ्याला वर्दी, मेसची डाळ. अशाच खोल्यांत माझी जवानी गेली. आणि त्या खोल्यांत दर रविवारी आमचा एकच हिशोब चालायचा, आता कुठली पलटण वर जाणार, कुठली खाली येणार, आपला पीस कधी. अहो, तो हिशोब होता माझ्याकडं.

"नाही साहेब," मी उठलो. "माझं झालं नाही."

सरांनी मान वर केली.

"तुम्ही तीन माणसांतला एक कमी करायचा म्हणता. सरहद्दीवरची ठाणी कमी करणार का?"

"नाही. ठाणी तेवढीच राहतील."

"मग असं बघा. आज तीन पलटणींतल्या दोन वर असतात आणि एक खाली पीसला. आळीपाळीनं प्रत्येकीला घर बघायला मिळतं. तुम्ही एक काढून टाकलीत तर उरलेल्या दोन कायम वरच. त्यांना खाली सोडवायला येणार कोण? तुमच्या शांततेत कुणाला पीसच लागणार नाही साहेब. आणि हे मोजता येतं."

"यंत्रं कशाला घेतोय मग आपण?" सर टेबलावर पुढं झुकले. "ठाणं यंत्र राखेल."

"यंत्र बर्फात गाडलं गेलं तर उकरायला कोण जाणार?"

"ती यंत्रं बर्फासाठीच बनवतात."

"बूटही बर्फासाठीच बनवतात साहेब. तरी बोटं जातात."

"हा मुद्दा नाही, हे उदाहरण झालं. तुमचे आकडे एकाच सरहद्दीचे आहेत. वाळवंटातल्या ठाण्यांचं काय? तिथं यंत्र चालेल की नाही?"

तिथं मी आडवा झालो. वाळवंटाचा विचारच केला नव्हता. म्हणालो, "तिथं चालेल. तिथं तुमचं बरोबर आहे. पण डोंगरात नाही." मग त्यांनी पैशाचं काढलं, मी पुन्हा अडकलो, पुन्हा उठलो. उठलो म्हणजे काय, मी उभाच होतो. त्यांनी आणखी दोनदा बसायला सांगितलं. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा तर मला जरा मजाच वाटली.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा आमचं चालूच होतं. सरांनी कागद गोळा केले.

"तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही, फडतरे."

"नाही पटलं तरी चालेल सर."

"पास," सर म्हणाले आणि बाहेर पडले.

पोरांनी माझ्या पाठीत इतके धपाटे घातले की विचारू नका. तन्वीनं तर सगळ्यांदेखत सलाम ठोकला, तोही डाव्या हातानं. मी तिचा हात बदलून दिला.

बाहेर व्हरांड्यात सर उभे होते. मी जवळ गेलो तसे म्हणाले, "झाशीला कुठे होतं क्वार्टर?"

"कंटोन्मेंटच्या टोकाला सर, पाण्याच्या टाकीजवळ."

"तिकडे पाण्याचा फार त्रास."

"नळ होता सर. पाणी नव्हतं."

ते हसले. त्यांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मग छत्री उघडता उघडता म्हणाले, "तुमच्या मिसेसना सांगा, व्याख्या उत्तम आहे. मोजता येत नाही, पण उत्तम आहे." आणि उन्हातून चालते झाले.

मी जवळजवळ धावतच बोपोडी गाठली. मालन मशीनवर होती. मी बूटही न काढता सांगायला सुरुवात केली. सर कसे म्हणाले बसा, मी कसा म्हणालो नाही, तीन पलटणी, बर्फ, वाळवंट, सगळं. तिचा हात चालूच होता. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजी पास?"

"पास."

"मग दादाला फोन करा."

"तू कर की. शब्द तू दिला होतास."

"न्हाई. तुमी करा."

खाली वाण्याच्या दुकानात फोन होता. मी नंबर लावला. पलीकडून संपतराव म्हणाले, "बोला दाजी."

"संपतराव," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यांना. "मी चाकणला येणार नाही."

"बरं," ते म्हणाले. "मालन बरी हाय न्हवं? रेश्मा काय म्हणती?"

एवढंच. फोन ठेवून मी वाण्याकडं बघून उगाचच हसलो.

वर आलो तर मालन मशीन बंद करून बसली होती. तिला खूश करावं म्हणून मी म्हणालो, "ब्रिगेडियरसाहेबांनी तुझी व्याख्या उत्तम आहे म्हणून सांगितलंय."

"व्हय?" तिनं त्याच्याकडं लक्षही दिलं नाही. "मला एक सांगा. फुडल्या वर्साला तास कवा सुटत्यात?"

"आत्ता सुटतात तसेच. पाचला."

"म्हंजी सहापतुर घरी."

"हो."

"रोज?"

"रोजच. रविवारी तर घरीच असतो."

तिनं साडीवरचा दोरा दातानं तोडला, साडी झटकली, घडी घालायला घेतली. आणि मी बघत राहिलो तिच्याकडं. ज्या बाईनं गावभर सांगितलं की नवरा शिकणार आहे, जी मशीनवर वाकून पाठ मोडून घेत होती, सख्ख्या भावाशी माझ्यासाठी भांडली, तिला माझ्या शास्त्रातलं काही म्हणजे काही नको होतं.

"मालन, मी प्राध्यापक व्हावं असं तुला वाटत नव्हतं का?"

"व्हा की. मी कुठं नको म्हणते?" घडीवरून हात फिरवत ती म्हणाली. "पर त्येला वेळ लागतुया न्हवं? लागू द्या."

मी बूट काढायला खाली वाकलो आणि बराच वेळ नाडीच सोडत बसलो.

मी एम.ए. पुरं केलं. मग एम.फिल. केलं. मग चौबळ सरांकडंच पीएच.डी.ला नाव घातलं. विषय सोपा होता, सामग्री भरपूर होती, माझ्यामागून पोरं आली आणि डॉक्टर होऊन गेली. सर चिडायचे. "फडतरे, प्रबंध कधी पुरा करताय?"

मी म्हणायचो, "घरी विचारून सांगतो सर."